दारूची परीक्षा आणि कामगार



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता नाही तर संप ह्यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. दारू हा विषय कीर्तनकारांचा, फार तर सर्वोदयी मंडळींचा. तेव्हा मी आज हा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे. नीरेचा पूल ओलांडल्यापासून खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत आपल्या ह्या पट्ट्यात जे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या पुष्कळांच्या गेटवर आता एक लहानसे यंत्र असते. पाळीवर येणाऱ्या माणसापुढे पहारेकरी ते धरतो आणि म्हणतो, "फुंक." यंत्रावर आकडा उमटतो, आणि त्या आकड्यावर माणसाचा त्या दिवसाचा रोज, कधी कधी वीस वर्षांची नोकरी ठरते. हा आकडा कोणी ठरवला, यंत्र कोणी तपासले, आणि माणसाला 'मी प्यालो नाही' हे सिद्ध करायला काय वाव ठेवला, हे प्रश्न दारूबंदीच्या व्याख्यानात येत नाहीत आणि संपाच्या सभेतही येत नाहीत.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. पिऊन यंत्रावर उभे राहण्याचा हक्क कोणी मागू नये आणि आम्हीही मागत नाही. प्रेसवर काम करणारा माणूस झोकांड्या खात असेल तर बोटे त्याच्या शेजाऱ्याची जातात. क्रेन चालवणारा तर्र असेल तर खाली उभ्या असलेल्या चौघांचा जीव जातो. मालकाचे नुकसान होते ते यंत्राचे, आमचे होते ते हाडामांसाचे. म्हणून तपासणी हवी, हे मी मालकाच्याही आधी म्हणतो. वाद आहे तो तपासणी कशी करायची ह्याचा.

दारूला विरोध ही गोष्ट कामगार चळवळीला कोणी बाहेरून शिकवलेली नाही. शिरवळच्या शेजारी नायगाव आहे, सावित्रीबाईंचे जन्मगाव. त्यांचे पती जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेकडे तक्रार केली होती. दोनच वर्षे आधी, १८७८ साली, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला होता. गावोगावी मोहाची दारू गाळण्यावर सरकारने लगाम घातला खरा, पण दारू थांबवण्यासाठी नव्हे. ती आपल्या ठेक्यातून विकली जावी आणि महसूल तिजोरीत पडावा, हा हेतू होता. म्हणजे गिरणीच्या दाराशी गुत्ता चालायचा तो सरकारच्या परवान्याने. तिथे उधारी मिळवून देणारा अनेकदा जॉबर असायचा. आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून कामावर आलेल्या माणसाला दंड ठोकणारा गिरणीमालक. तिघांनी एकाच पगारातून आपापला वाटा उचलायचा. हा दंड किती घ्यावा ह्याला कित्येक वर्षे काही धरबंधच नव्हता. १९३६ च्या वेतन कायद्याने तो रुपयामागे अर्ध्या आण्यावर आणून ठेवला आणि दंडाचा पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करावा, असे बंधन घातले.

जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन निघाले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती ह्या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी फारशी कोणी सांगत नाही. काम करताना इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आले तर उपजीविकेची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. रविवार १८९० साली मिळाला. ह्या दुसऱ्या मागणीसाठी थांबावे लागले ते १९२३ पर्यंत. त्या वर्षी कामगार नुकसानभरपाई कायदा झाला.

आणि ह्या कायद्यातच आपल्या विषयाची खरी मेख आहे. अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी असे सांगून कायदा लगेच अपवाद सांगतो, आणि त्यातला एक असा की, अपघाताच्या वेळी कामगार दारूच्या किंवा अन्य मादक पदार्थाच्या अमलाखाली असेल आणि अपघात थेट त्यामुळेच झाला असेल, तर मालक भरपाईला बांधलेला नाही. पुढे कायद्याने मृत्यूची प्रकरणे ह्या अपवादातून बाहेर काढली, नंतर कायमचे संपूर्ण अपंगत्वही बाहेर काढले. पण बोट, हात, डोळा गेला तर अपवाद लागू राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो उतरला आहे.

'थेट' ह्या शब्दावर मी जोर देतो. कायद्याला नुसता वास पुरत नाही. कठडा नसलेल्या यंत्रात हात गेला, तर तो दारूमुळे गेला की कठडा नसल्यामुळे, हे आधी ठरवावे लागते. व्यवहारात मात्र काय होते ते गेटवर उभे राहून बघावे. जखमी माणसाला गाडीत घालतानाच कोणीतरी विचारतो, "पिऊन होता का?" तो प्रश्न काळजीपोटी असतो असे समजणारे भोळे लोक अजून आहेत. एकदा का 'प्यालेला होता' अशी नोंद कागदावर आली, की यंत्राला कठडा का नव्हता हे विचारणारे कोणी उरत नाही. दारूची परीक्षा ही अशी कामगाराच्या भाकरीशी आणि मालकाच्या जबाबदारीशी बांधलेली आहे. ती केवळ शिस्तीची बाब कधीच नव्हती.

आता परीक्षेकडे वळू. मुंबई शहरात दारूबंदी पहिल्यांदा आली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी, खेर मंत्रिमंडळाच्या वेळी. त्या कामी डॉ. गिल्डर पुढे होते. ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात पूर्ण दारूबंदी आली. आता पिणे हाच गुन्हा ठरल्यामुळे न्यायालयापुढे रोज एकच प्रश्न येऊ लागला : हा माणूस प्यालेला होता हे कशावरून? फौजदार सांगायचा, तोंडाला वास येत होता. डॉक्टर लिहायचा, डोळे तांबडे, चाल अडखळती, बोलणे असंबद्ध. आरोपी म्हणायचा, औषध घेतले होते. आणि औषधाची सबब खोटी म्हणून झटकता येत नसे, कारण १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मुख्यतः वैध ठरवतानाच, अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने ह्यांवर घातलेली बंदी रद्द केली होती.

ह्यातून वाट काढण्यासाठी १९५९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि रक्ततपासणीचे नियम करण्यात आले. हे नियम मी वेळोवेळी वाचलेले आहेत आणि ज्याने ते लिहिले त्याच्याविषयी मला आदर वाटतो. पिचकारी उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक करावी. जिथून रक्त काढायचे तिथली कातडी निर्जंतुक पाण्याने पुसावी. स्पिरिटने पुसायची नाही. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये. शिरेतून निदान ५ घनसेंटिमीटर रक्त घ्यावे, ते न गोठण्यासाठी आणि न नासण्यासाठी द्रव्य घातलेल्या कुपीत भरावे, कुपीला बूच लावून सील करावे आणि ठरलेल्या मुदतीत परीक्षकाकडे पाठवावे. रक्तात शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक अल्कोहोल निघाले तर ते औषधातून आले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर. त्याहून कमी निघाले तर हे ओझे त्याच्यावर नाही. १९६३ साली उखा कोल्हे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे ह्याच तरतुदीचा कीस पडला, आणि रक्ताची ती कुपी कोणाच्या ताब्यात होती, कशी पोचली, हे प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयात चर्चिले गेले. पुढे १९७१ साली करयानी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की श्वासाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणसाने दारू घेतली होती असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता गंमत पाहा. गंमत म्हणतो, पण ती कामगाराच्या जिवावरची आहे. ज्या १९५९ साली आपल्या राज्याने आरोपीच्या रक्ताच्या पाच घनसेंटिमीटरसाठी एवढी काळजी घेतली, त्याच १९५९ साली त्याच राज्याने कारखान्यांसाठी नमुना स्थायी आदेश तयार केले. गैरवर्तनाच्या यादीत त्यांनी लिहिले : कारखान्याच्या आवारात दारूच्या नशेत असणे, दंगामस्ती, बेशिस्त किंवा असभ्य वर्तन. संपले. नशा म्हणजे किती, ती ओळखायची कोणी, डॉक्टर हवा की नको, ह्याविषयी अवाक्षर नाही. पिण्याचा गुन्हा करणाऱ्याला सील केलेली कुपी मिळाली. कामगाराला सुपरवायझरचे नाक मिळाले. आणि शिक्षेचे माप पाहिले तर गुन्हेगाराला दंड किंवा काही काळ तुरुंग, कामगाराला बडतर्फी, म्हणजे घरादारासकट शिक्षा.

ह्यावर मालकांचे वकील सांगतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खोटे नाही, की खात्यांतर्गत चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, संभव कोणत्या बाजूला अधिक एवढे पाहिले की झाले. मान्य. पण संभव तोलायलासुद्धा तराजू लागतो की नाही?

तो तराजू म्हणून श्वासयंत्र आले. अमेरिकेत बोर्केनस्टाइन नावाच्या गृहस्थाने १९५४ साली सुटसुटीत श्वासयंत्र तयार केले. तत्त्व सोपे आहे. रक्तातले अल्कोहोल फुप्फुसातल्या हवेत उतरते. २,१०० भाग श्वासात जेवढे, तेवढेच साधारण एक भाग रक्तात, असे धरून यंत्र हिशेब मांडते. चांगल्या यंत्रात अल्कोहोलचे रासायनिक ज्वलन होऊन वीज निर्माण होते आणि ती मोजली जाते. स्वस्त यंत्रात वेगळा संवेदक असतो. त्याला अल्कोहोल आणि दुसरी एखादी वाफ ह्यांतला भेद नीट कळत नाही. रंगखात्यात थिनरच्या वासात आठ तास काढलेल्या माणसापुढे असले यंत्र धरणे म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. शिवाय तोंडात नुकतेच खोकल्याचे औषध, चूळ भरण्याचे औषध किंवा होमिओपॅथीचा अर्क गेला असेल तर काही मिनिटे यंत्र तोंडातलेच अल्कोहोल मोजते. म्हणून पंधरा मिनिटे बसवून, तोंड धुवायला लावून दुसरी फुंक घ्यावी, असा जगभरचा प्रघात आहे. आपल्या गेटवर पाळीची वेळ झालेली असते, मागे दीडशे माणसांची रांग असते. पंधरा मिनिटे कोण देणार?

करोनाच्या साथीनंतरच्या दिवसांतली एक हकिगत सांगतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, गेटवर आधी हातांवर सॅनिटायझर ओतायचा आणि लगेच यंत्र हातात द्यायचे, अशी पद्धत होती. एका सकाळी पहिल्या पाळीच्या तिघांना परत पाठवले. त्यांतला एक माळकरी, वारी न चुकवणारा. तो काही बोलला नाही, सायकल घेऊन घरी गेला. बायकोने विचारले, काय झाले? तेव्हा त्याला सांगता येईना. आम्ही दुपारी व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो आणि त्यांच्याच हातावर सॅनिटायझर ओतून त्यांनाच फुंकायला लावले. आकडा उमटला. तिघांचा रोज मिळाला. माळकऱ्याची गावात झालेली चर्चा काही परत घेता आली नाही.

आकड्याचीही एकवाक्यता नाही. दारूबंदी कायद्यात रेष आहे शंभर मिलिलिटर रक्तामागे ५० मिलिग्रॅमवर. मोटार वाहन कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीपासून, ३० वर. विमान चालवणाऱ्याला शून्य, आणि ते रास्तच आहे. कारखान्यात मात्र नोटीस बोर्डावर जे लिहिले असेल ते. बहुधा तिथेही शून्य. म्हणजे ३५ मिलिग्रॅमचा माणूस एका कायद्याच्या रेषेच्या आत, बाहेर महामार्गावर गुन्हेगार, आणि गेटवर बेकार. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल जाळते. मध्यरात्री लग्नाच्या वरातीत ज्याचा आकडा १२० होता, त्याच्या रक्तात सकाळी सातला १५ उरतात. त्याला रात्री प्यायला नको होते असे कीर्तनकाराने म्हणावे, मीही म्हणेन. पण सकाळी सातला तो माणूस लेथ चालवायला अपात्र आहे काय, हा निराळा प्रश्न आहे, आणि नोकरीचा प्रश्न तेवढाच असतो.

दारूचे निदान इतके तरी बरे की यंत्र आत्ताची स्थिती सांगते. गांजा, अफू ह्यांची लघवीची तपासणी सांगते ती मागची. गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस, नेहमीच्या सेवकाच्या बाबतीत आठवडेही राहतात. सुट्टीच्या दिवशी केलेल्या गोष्टीची शिक्षा पुढच्या सोमवारी होते. ह्या तपासण्यांचा प्रघात अमेरिकेतून आला. १९८६ साली अध्यक्ष रेगन ह्यांनी केंद्रीय नोकरांसाठी हुकूम काढला. जानेवारी १९८७ मध्ये मेरीलँड राज्यात चेस गावाजवळ मालगाडीची इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीपुढे आली, १६ माणसे मेली, आणि इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचे निघाले. रेल्वे कामगारांच्या संघटना तपासणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १९८९ साली त्या हरल्या. मला त्या निकालाचे नवल वाटत नाही. सोळा प्रेतांपुढे तत्त्वाचा युक्तिवाद टिकत नाही. पण हरलेल्या लढाईतूनही काही हाती आले. १९९१ च्या त्यांच्या कायद्याने नमुना दोन बाटल्यांत विभागून ठेवणे सक्तीचे केले. पहिलीचा निकाल विरुद्ध गेला तर कामगाराला दुसरी बाटली दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून मागता येते.

आणि खसखशीची गोष्ट तर आपल्या घरातली आहे. खसखस अफूच्याच बोंडातली. ती पोटात गेली की लघवीत अफूचे अंश दिसू शकतात. अमेरिकेत पाव खाणारी निर्दोष माणसे पकडली जाऊ लागली, तेव्हा १९९८ साली त्यांनी मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. आपल्याकडे दिवाळीत अनारशाला खसखस लावतात, वाटणात घालतात. गेटवर लघवीची तपासणी आणणाऱ्या किती व्यवस्थापकांनी आपल्या बायकोला वाटणात काय असते ते विचारले असेल?

आपल्या देशातही नीट लिहिलेले नियम नाहीत असे नाही. रेल्वेच्या इंजिनचालकाची कामावर रुजू होतानाच श्वासचाचणी होते. नशेत काम करणाऱ्या रेल्वे नोकराला १८९० च्या कायद्यात ५० रुपये दंड होता, १९८९ च्या कायद्यात तो ५०० झाला; प्रवाशांचा जीव धोक्यात येण्याजोगे काम असेल तर दोन्ही कायद्यांत एक वर्षापर्यंत कैद. विमान वाहतूक खात्याने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई नियंत्रक ह्यांची मादक पदार्थांसाठी तपासणी सुरू केली. दर वर्षी शेकडा १० जणांची, पूर्वसूचनेशिवाय. पहिल्या चाळणीत अडकला तर खात्री करून घेणारी दुसरी तपासणी, आणि पहिल्यांदा दोषी ठरला तर व्यसनमुक्तीसाठी पाठवणे. परवाना रद्द होतो तो वारंवार दोषी ठरल्यावर. तीनशे प्रवाशांचा जीव ज्याच्या हाती, त्याला उपचाराची संधी आहे. आणि कागदी खोकी भरणाऱ्याला त्याच दिवशी 'उद्यापासून येऊ नको'. हा न्याय कोणत्या तराजूने तोलला आहे, ते मला उमगलेले नाही.

व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट महाराष्ट्राला परक्या कोणी सांगायला नको होती. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. तिथून सुधारून परत आलेले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत थेंबाला न शिवलेले कामगार मी पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही १९९६ च्या आपल्या आचारसंहितेत दारूच्या प्रश्नाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणूनच पाहण्यास सांगितले. आपली न्यायालयेही ह्या बाबतीत मालकांपेक्षा उदार निघाली आहेत. उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांचा ट्रक नशेत चालवून किरकोळ अपघात केलेल्या चालकाच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुळीच पाठीशी घातले नाही; थोडक्यात निभावले हे नशीब, असेच सुनावले. तरीही २५ वर्षांच्या नोकरीनंतर बडतर्फी ही शिक्षा फार कठोर ठरवून ती सक्तीच्या निवृत्तीवर आणली. आपल्या राज्यात तर १९७१ च्या कायद्याने, किरकोळ गैरवर्तनासाठी पूर्वीच्या सेवेचा विचार न करता धक्का बसावा एवढी शिक्षा देणे, ही अनुचित कामगार प्रथा ठरवली होती.

पण हे सारे ज्याला चार्जशीट मिळते त्याच्यासाठी. कंत्राटी कामगाराला चार्जशीट मिळतच नाही. ठेकेदार त्याचे कार्ड काढून घेतो, आणि प्रकरण कोणत्याही कागदावर उमटत नाही. कायम कामगाराच्याही पायाखालची वाळू सरकली आहे. महाराष्ट्रात ५० कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश लागू होत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती संख्या ३०० वर नेली. आपल्या पट्ट्यातले कितीतरी लहान कारखाने ह्या रेषेच्या खाली राहतात. म्हणजे १९५९ चा तो एक शब्दसुद्धा तिथे कायद्याने बांधलेला उरत नाही. उरते ती नोटीस बोर्डावरची चिठ्ठी.

त्यामुळे आम्ही आता हा विषय करारातच घालतो. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका कारखान्यात जे कलम झाले त्यात यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून त्याचा दाखला गेटवर लावायचा, पहिल्या फुंकीनंतर पंधरा मिनिटांनी दुसरी घ्यायची, तीही विरुद्ध गेली आणि माणसाने मागितले तर कारखान्याच्या खर्चाने रक्ततपासणी करायची, असे ठरले. पहिल्या खेपेला त्या दिवसाची रजा धरायची आणि दुसऱ्या खेपेला उपचारासाठी पाठवायचे. त्या काळात नोकरी राखून ठेवायची. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसू नये, हे १९५९ चे वाक्य आम्ही जसेच्या तसे घातले. त्यावर कंपनीच्या डॉक्टरांनीच आमची बाजू घेतली. कंत्राटी कामगारांना हेच कलम लागू करायला व्यवस्थापनाने पुष्कळ खळखळ केली, शेवटी मान्य केले. व्यवस्थापकांच्या मोटारी गेटमधून थेट आत जातात, त्यांनीही थांबून फुंकावे, ही मागणी मात्र त्यांनी हसून टाळली. येत्या मागणीपत्रात ती आम्ही पहिल्या क्रमांकावर घातली आहे.